दुसऱ्यांदा पाहण्याच्या पाच संध्याकाळी

दिवाळी सरते. डब्याच्या तळाशी चकलीचे चार तुकडे उरतात, कारखाने सुरू झालेले असतात आणि वारा फिरला की सांगलीत मळीचा वास येतो. पहाटे नदीवर धुकं असतं. या दिवसांत आमच्या घरी 'ओव्हर द गार्डन वॉल' ही कार्टून मालिका पुन्हा लागते. पहिल्यांदा ती मी २०१६ साली एका रात्रीत, कानात हेडफोन घालून पाहिली. दुसऱ्यांदा २०१९ मध्ये, महापुरानंतर. तेव्हापासून दर वर्षी.

पाहिलेलंच परत काय पाहायचं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. पण 'बघायचंय, कसं बघू?' असं विचारणारेही आता भेटू लागलेत, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे. जुनी आवडती मालिका परत पाहायला बसावं आणि दुसऱ्या भागातच फोन हातात यावा, असं अनेकांचं होतं. मालिका तीच असते, बसण्याची पद्धत चुकते. उदाहरण मी याच मालिकेचं घेते. विचित्र, गमतीशीर आणि जरा भीतीदायक अशा कुठल्याही मालिकेला ही पद्धत चालेल.

मालिका ठाऊक नसणाऱ्यांसाठी ओळख. पॅट्रिक मॅकहेल यांनी ती घडवली. अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर ३ ते ७ नोव्हेंबर २०१४ या पाच रात्री ती दाखवली गेली, रोज दोन भाग. एकूण भाग १०, प्रत्येक भाग साधारण ११ मिनिटांचा, म्हणजे सगळी मिळून दोन तासांच्या आत संपते. २०१५ मध्ये तिला एमी पुरस्कार मिळाला. वर्ट आणि ग्रेग हे दोन भाऊ, आई एक, वडील वेगळे. 'द अननोन' नावाच्या जंगलात ते वाट चुकलेत. मोठा वर्ट घाबरट आणि कवी मनाचा, धाकटा ग्रेग डोक्यावर किटली घालून गाणी म्हणत चालणारा. ग्रेगच्या काखेत एक बेडूक. वाटेत बिॲट्रिस नावाचा बोलका निळा पक्षी भेटतो, हातात कंदील घेतलेला एक म्हातारा लाकूडतोड्या भेटतो, आणि झाडांच्या आडून 'बीस्ट' गात असतो. त्याला आवाज दिलाय सॅम्युअल रेमी या ऑपेरा गायकाने. असा खर्जातला, देखणा आवाज राक्षसाला द्यायचं ज्यांना सुचलं, त्यांना भीती कशाला म्हणतात ते नीट कळलेलं आहे.

मालिका अजून पाहिलीच नसेल, तर इथेच थांबा आणि आधी एकदा सरळ पाहून या. पुढे शेवटासकट सगळं येणार आहे.

आधी वही

पुन्हा पाहण्याची पहिली पायरी पडद्यासमोर नाही, वहीत आहे. मालिका लावण्याआधी दहा मिनिटं बसा आणि काय आठवतं ते लिहून काढा. कुठेही शोधून पाहू नका. नावं आठवली नाहीत तर 'तो शिंगवाला', 'ती घंटावाली' असं लिहा. कुठे हसलात, कुठे मान फिरवलीत, शेवट काय होता, एवढं पुरे.

माझी २०१९ ची वही अजून आहे. ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी आलं होतं. नोव्हेंबरातही भिंतींची ओल गेली नव्हती, खालच्या खोलीत पंखा लावून ठेवलेला असायचा. त्या पंख्याच्या आवाजात मी लिहिलं होतं: जंगलात कायम रात्र असते. बीस्ट प्रचंड आहे आणि सारखा दिसतो. ग्रेग हसवण्यापुरता आहे.

तिन्ही गोष्टी चूक निघाल्या. मालिकेत भरपूर ऊन आहे, पिवळी शेतं आहेत, दुपारी भरणारी प्राण्यांची शाळा आहे. बीस्टची फक्त काळी आकृती आणि चमकते डोळे दिसतात. उजेड त्याच्या अंगावर पडतो तो अगदी शेवटी, एका क्षणापुरता. आणि ग्रेग? आठव्या भागात भावाच्या बदल्यात स्वतः बीस्टबरोबर जातो तो ग्रेग. तीन वर्षं मी त्याला विदूषक समजत होते.

वही नसती तर आपलं चुकलं होतं हेही मला कळलं नसतं. समोरचं दृश्य दिसलं की मन लगेच 'हो हो, आठवतंय' म्हणतं आणि जुनी आठवण गुपचूप दुरुस्त करून टाकतं. म्हणून आधी लिहायचं.

पडदा, आवाज, अंधार

हे लवकर उरकते. टीव्हीवर पाहणार असाल तर चित्राची सेटिंग 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'वर आणा. या मालिकेची पार्श्वचित्रं जुन्या पोस्टकार्डांसारखी, तपकिरी आणि करड्या रंगांची आहेत, भडक सेटिंगमध्ये त्यांचा जीव जातो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, म्हणजे 'मोशन स्मूदिंग', बंद करा. हाताने काढलेल्या चित्रांना ती मुळीच मानवत नाही. खोलीतली ट्यूबलाइट घालवा, पण देवघरातला किंवा स्वयंपाकघरातला एखादा मंद दिवा असू द्या. मिट्ट काळोखात डोळे शिणतात. हेडफोन एकटे असाल तरच. डास असतील तर पंखा लावावा लागेल, मग आवाज थोडा वाढवा.

सबटायटल्सबद्दल माझं मत ठाम आहे. पहिल्यांदा पाहताना हवीत. दुसऱ्यांदा बंद. गोष्ट माहीत झालेली असते, तेव्हा डोळे खालच्या ओळीवरून सुटतात आणि झाडांमध्ये जातात. बघण्यासारखं बरंच काही तिथे आहे.

ओटीटीवर अशा मालिका आज असतात, उद्या नसतात. अधिकृतपणे विकत घेता येत असेल तर घेऊन ठेवा.

रोज दोन, तिन्हीसांजेला

सगळे भाग एका बैठकीत संपवू नका. २०१६ मध्ये मी तेच केलं आणि भाग एकमेकांत मिसळून गेले, म्हणूनच 'कायम रात्र' आठवत राहिली. मूळ प्रसारण झालं तसंच पाहा: पाच संध्याकाळी, रोज दोन भाग. वीस-बावीस मिनिटांचं काम. दिवेलागण झाली, भाजीची फोडणी पडायची आहे, तेवढ्या वेळात होतं. उरलेली संध्याकाळ ते मनात घोळत राहतं. भाकरी थापता थापता एखादं वाक्य आठवतं, आणि या मालिकेला तो मधला वेळ लागतोच.

तारखाही जुळवून पाहा. ३ नोव्हेंबरला सुरुवात केली तर तिसरी संध्याकाळ ५ नोव्हेंबरला येते. सांगलीकरांना हा दिवस सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथेच केलं, म्हणून तो मराठी रंगभूमी दिन. त्या संध्याकाळी तुमच्या वाट्याला पाचवा आणि सहावा भाग येईल. पाचव्यात एक श्रीमंत चहा व्यापारी आहे. त्याचा वाडा इतका मोठा, की त्यातली कुठली दालनं आपली आणि कुठली दुसऱ्याची हेच त्याला उमगत नाही. सहाव्यात बेडकांनी भरलेली नाव आहे आणि ग्रेगचा बेडूक सगळ्यांसमोर उभा राहून गातो. नाटकाच्या गावात नाटकाच्या दिवशी हे भाग यावेत, याचा मला दर वर्षी तितकाच आनंद होतो.

भाव्यांच्या परंपरेतली ती जुनी पौराणिक नाटकं म्हणजे 'अललडुर्र' नाटकं. राक्षस आरोळ्या ठोकत यायचे, त्यावरून ते नाव पडलं. सूत्रधार बाजूला उभा राहून पदं गायचा, विदूषक लोकांना हसवायचा, आणि मग राक्षस. हसणं आणि दचकणं एकाच रंगमंचावर, एकाच रात्री. ही मालिका मला परकी वाटली नाही त्याचं कारण बहुधा हेच असावं. तिचीही सुरुवात गायकापासून होते: पियानोवर बसलेला बेडूक गातो आणि पुढे येणाऱ्या गोष्टींची चित्रं डोळ्यांपुढून सरकतात. पहिल्यांदा पाहताना त्या चित्रांचा अर्थ लागत नाही. दुसऱ्यांदा ती सुरुवात दोनदा पाहा, घाई करू नका.

काय पाहायचं

पहिल्यांदा पाहताना आपण 'पुढे काय?' या एका प्रश्नाला बांधलेले असतो. दुसऱ्यांदा तो प्रश्न संपलेला असतो. काय होणार ते आपल्याला माहीत असतं, ते त्या पोरांना माहीत नसतं, आणि ती गाणी म्हणत चाललेली असतात. भीती आता पुढच्या वळणावर नसते, गमतीच्या खाली असते. या मालिकेची दुसरी भेट पहिलीपेक्षा जड जाते ती यामुळे, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा मोठीही आहे.

पहिली संध्याकाळ सर्वांत श्रीमंत. पहिल्या भागात म्हातारा लाकूडतोड्या एका जुन्या गिरणीत लाकूड दळून कंदिलासाठी तेल काढतो. कंदील विझू द्यायचा नाही, कारण त्यात आपल्या मुलीचा प्राण आहे असं तो समजतो. पहिल्यांदा आपण त्याच्याकडे संशयाने पाहतो. दुसऱ्यांदा आपल्याला कळलेलं असतं की ती 'एडलवुड'ची झाडं म्हणजे वाट चुकून हिंमत हरलेले जीव आहेत. गिरणीत काय दळलं जातंय ते आपल्याला ठाऊक आहे आणि त्या म्हाताऱ्याला नाही. त्याचा प्रामाणिक, थकलेला चेहरा पाहवत नाही. शिवाय कंदिलात मुलगी नाहीच, बीस्टचा स्वतःचा प्राण आहे. माया करणाऱ्या माणसाच्या हातून राक्षसाने स्वतःचा दिवा सांभाळून घेतला.

मला कंदील पाहिला की आजोबांची आठवण येते. त्यांची हळदीची अडत होती. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली पेवं असत, तोंड अरुंद आणि पोट मोठं, हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची. (महापुरांनी त्यातली बरीच पेवं निकामी केली.) पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, हवा कोंडलेली असते. आजोबा सांगायचे, आधी दोरीने कंदील सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस. विझली तर थांबायचं. लहानपणी हे ऐकताना कंदील खाली जातोय, जातोय, आणि आपण वरून वाकून बघतोय, असं स्वप्न मला पडायचं. त्यामुळे 'कंदील विझू देऊ नका' हे मालिकेतलं आर्जव माझ्यापर्यंत हरिपूरच्या वाटेने पोचतं. तुमच्याकडेही असा एखादा कंदील असेल. तो आठवला तर वहीत लिहा.

त्याच संध्याकाळचा दुसरा भाग, पॉट्सफील्डचा. भोपळ्यांची सोंगं घेतलेले लोक सुगीचा सण साजरा करताहेत. दोघा भावांनी त्यांचं नुकसान केलं म्हणून शिक्षा काय, तर काही तास शेतात काम. काम म्हणजे खड्डे खणणं. वर्टला वाटतं आपण आपलीच कबर खणतोय. खड्ड्यातून निघतो हाडांचा सापळा, आणि तो उठतो, भोपळे अंगावर चढवतो, नाचायला जातो. ते सगळं गाव मेलेल्यांचं आहे. बेवारस मृतांना पुरतात त्या जागेला इंग्रजीत 'पॉटर्स फील्ड' म्हणतात, गावाच्या नावात तोच ध्वनी लपलाय. आता ते संवाद पुन्हा ऐका. तुम्ही इथे जरा लवकरच आलात, अशा अर्थाचं कुणीतरी अगदी प्रेमाने म्हणतं. पहिल्यांदा मी हसले होते. २०१९ मध्ये, नवव्या भागात ती दोन्ही पोरं तळ्यात पडलेली आहेत हे आधीच माहीत असताना, मला ते वाक्य ऐकवलं नाही. पाणी घरात शिरलेलं पाहून तीनच महिने झाले होते.

दुसऱ्या संध्याकाळी तिसऱ्या भागातलं बटाटे आणि काकवीचं गाणं येतं. त्या दिवशी गुऱ्हाळावरची काकवी आणून ठेवा, गरम भाकरीबरोबर. ग्रेग बटाट्यांवर ओततो, आम्ही ते नाही केलं. चौथ्या भागातल्या खानावळीत प्रत्येकाला 'तू कोण?' असं विचारतात, आणि उत्तर एका शब्दात द्यावं लागतं. वर्टची तिथली घालमेल नीट पाहा.

तिसऱ्या आणि चौथ्या संध्याकाळी बिॲट्रिसवर लक्ष ठेवा. सहाव्या भागाच्या शेवटी तिचं कपट उघडं पडतं: भावांना ती ॲडलेड नावाच्या चेटकिणीच्या हवाली करायला नेत असते. ते ठाऊक असताना आधीचं तिचं प्रत्येक 'चला, लवकर चला' ऐकलं, की प्रत्येक वेळी तिचा आवाज किती अडखळतो ते कळतं. तिला फसवायचं नाहीये, पण तिच्यासारखेच पक्षी होऊन बसलेल्या घरच्यांना सोडवायचंय. सातव्या भागात मोठ्या डोळ्यांची आंटी व्हिस्पर्स भयंकर दिसते आणि तीच लॉर्ना या मुलीला जपणारी निघते. गोड बोलणारी ॲडलेड तिच्या अगदी उलट. दिसतं ते धरून चालायचं नाही, हे वर्टला शिकायला सात भाग लागतात.

पाचव्या संध्याकाळी फक्त एक गोष्ट शोधा. नवव्या भागातल्या दफनभूमीत थडग्यांवरची नावं वाचा. पाचव्या भागातल्या चहा व्यापाऱ्याचं नाव तिथे कोरलेलं आहे. मी ते चौथ्या वेळी पाहिलं.

मुलांना घेऊन बसणार असाल तर

आधी स्वतः पाहा, मगच. सहा वर्षांखालच्या मुलाला सातवा आणि दहावा भाग रात्री दाखवू नका, असं मी सांगेन. माझी भाची नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा बसली. भाषा इंग्रजी, त्यातही जुन्या वळणाची. दर वाक्याचं भाषांतर करत बसू नका, मुलं वैतागतात. सूत्रधारासारखं करा: दृश्य सुरू होताना एक वाक्य सांगा आणि गप्प बसा.

हॅलोविन म्हणजे काय, हे मात्र नवव्या भागाआधी सांगावं लागतं. ३१ ऑक्टोबरला तिकडची पोरं सोंगं घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात, मेलेल्यांच्या आठवणीशी त्या दिवसाचं जुनं नातं आहे, एवढं मी सांगितलं.

"म्हणजे आपल्या सर्वपित्रीसारखं?" तिने विचारलं.

"थोडंसं. आपण कावळ्याला घास ठेवतो, ते सोंगं घेतात."

"आत्या, मग वर्टची ती टोकदार टोपी सोंगाची आहे?"

पहिल्या भागापासून डोळ्यांसमोर असलेली टोपी. तिने एका वाक्यात जे पकडलं, ते मला पहिल्या वेळी नवव्या भागात दाखवल्यावरच कळलं होतं. मुलांना प्रश्न विचारू द्या आणि 'पुढे कळेल' हे उत्तर शक्यतो देऊ नका. माहीत असेल तेवढं खरं सांगा. बीस्ट वाईट आहे का, असं तिने विचारलं तेव्हा मी 'हो' म्हटलं. तिला धीर आला. राक्षस वाईट आहे हे मोठ्या माणसाने स्पष्ट सांगितलं, की मुलं त्याच्याकडे बघायला घाबरत नाहीत.

एक खेळही सांगते. ग्रेग बेडकाचं नाव सारखं बदलत असतो. दर संध्याकाळी त्या दिवशीची नावं मुलाने वहीत लिहायची, आणि शेवटी स्वतःचं एक सुचवायचं. मुलं कान देऊन ऐकतात.

एक फेरी

जमलं तर मधल्या एखाद्या संध्याकाळी भाग लावण्याआधी हरिपूरच्या रस्त्याने चालून या. दोन्ही बाजूंची जुनी चिंचेची झाडं, वर एकमेकांत गुंतलेल्या फांद्या, पुढे संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. चिंचेखाली तिन्हीसांजेला थांबू नये हे प्रत्येकाने आजीकडून ऐकलेलं असतं, तेही मनात असू द्या. ऊन झाडांमागे उतरताना तिथे जो रंग येतो, तो या मालिकेच्या पार्श्वचित्रांचा आहे. फोटो काढू नका, नुसते चाला. घरी येऊन भाग लावलात की पडद्यावरचं जंगल तुमच्या ओळखीचं झालेलं असेल.

दोन सूचना. अंधार पडायच्या आत परत फिरा, रस्त्यावर गाड्या वेगात असतात. आणि पाण्याच्या कडेला उतरू नका. कृष्णेत मगरी आहेत, काठावर त्या दिसतातही.

पाचव्या संध्याकाळी, संपल्यावर

दहाव्या भागाच्या शेवटी पुन्हा तो बेडूक आणि गाणं येतं. जंगलातल्या एकेकाचं पुढे काय झालं ते दिसतं: लाकूडतोड्याची मुलगी घरी परत आलेली, बिॲट्रिस माणूस होऊन आपल्या माणसांत. ती गिरणी तिच्याच घरची, आणि पहिल्या भागात ज्याला राक्षस समजून आपण घाबरलो होतो तो कुत्रा तिथेच आहे. रिमोटला हात लावू नका, पुढचं काही आपोआप सुरू होणार असेल तर ती सोय आधीच बंद करून ठेवा. पाच मिनिटं कुणी काही बोलू नये, एवढा नियम आमच्या घरी आहे.

मग वही. पहिलं पान उघडून स्वतःच्या चुकांवर रेघ मारा, पण खोडून टाकू नका. पुढच्या पानावर तारीख घाला आणि या खेपेला काय दिसलं ते लिहा. गेल्या वर्षी माझ्या पानावर एकच ओळ होती, लाकूडतोड्याबद्दल. भाचीच्या पानावर कंदील काढलेला होता, आत ज्योत, आणि खाली तिने बेडकासाठी सुचवलेलं नाव: अललडुर्र.